सात नंबरच्या आजींचा मुलगा

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला प्रभूच्या नावात सलाम.

मी मजेत आहे. वृद्धाश्रमातलं काम अंगवळणी पडलंय, पाठ तेवढी धरते. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावत जा.

इथे सात नंबरच्या खोलीतल्या आजी रोज चहाच्या वेळी विचारतात, "माझा मुलगा कधी येणार?" तो दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. कामावरच्या बाकीच्या बायका "उद्या येईल" म्हणून मोकळ्या होतात. मी खरं सांगते. कप फोडून "मी नाही" म्हटलं, म्हणून आठव्या वर्षी तुम्ही उपदेश थांबवून मला चर्चमध्ये भर मंडळीसमोर उभं केलं होतंत ना? तेव्हापासून खोट्याला जीभच वळत नाही.

आजी ऊर बडवून रडतात. सकाळपर्यंत सगळं विसरतात आणि चहाला पुन्हा विचारतात. मी पुन्हा सांगते. एकवीस दिवस झाले. म्हणजे त्यांचा मुलगा एकवीस वेळा गेला.

मेट्रनबाई म्हणाल्या, "काळीज आहे की दगड?"

मी म्हटलं, "पाळकाची मुलगी आहे."

आजींना माझा चेहराही आठवत नाही म्हणे. पण हल्ली मी ट्रे घेऊन आत गेले की त्या कानांवर हात ठेवतात. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आईचा विसराळूपणा वाढलाय, असं तुम्ही लिहिलंत. दादाला माती देऊन वर्ष झालं, तरी ती रोज त्याचं ताट वाढते. तो कुठे राहिला असं ती विचारते, तेव्हा तुम्ही काय सांगता, बाबा?

खरं लिहा.

तुम्हीच घडवलेली,
धाकटी