खिळ्यावरचं कडं

चि. महेश,

चिरंजीव लिहून गेलो बघ. राहू दे, खोडत नाही. तुला पत्र लिहायचं म्हटलं की हात तिथूनच सुरू होतो.

काल तुझा पिवळा मासा गेला. सात होते, आता एकच राहिलाय, भगव्या अंगावर पांढरे पट्टे असलेला. ते कशानं मरतात ते आज सकाळी मला कळलं. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलो.

तू ती काचेची टाकी घरात आणलीस तेव्हा मी किती चेष्टा केली! "नळदुर्गात समुद्र? हितं प्यायचं पाणी चार दिसाला येतंय, अन् ह्यो माशांसाठी मीठ कालवत बसलाय!" आपल्या टायरच्या दुकानात येणाऱ्या ड्रायव्हरांनाही सांगायचो, आमच्या पोरानं गोव्याला जायचं भाडं वाचवलं म्हणून. तू नुसता हसायचास. दुकानातून आलास की कोपरापर्यंत हात धुवायचास, मनगटातलं तांब्याचं कडं काढून खिळ्याला अडकवायचास आणि मगच पाण्यात हात घालायचास.

ते कडं काढणं मला लई झोंबायचं. सोनारीच्या काळभैरवापुढं मी स्वतः तुझ्या हातात घातलेलं कडं! एकदा तू सांगायला लागलास, "आप्पा, ऐका तरी, ते खाऱ्या पाण्यात..." आणि मी ओरडलो, "गप! देवापुढं शहाणपणा न्हाय." तू गप्प बसलास. का बसलास रे? एरवी तर मला उलट बोलल्याशिवाय तुझा घास उतरत नव्हता. त्याच दिवशी कसं ऐकलंस?

तू गेलास त्या संध्याकाळीही कडं खिळ्यावरच राहिलं होतं. माशांना खायला घातलंस आणि तसाच मोटरसायकल काढून जळकोटला निघालास. हायवेवर तो ट्रक... नको ते. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलं, कडं हातात असतं तर! हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

मग टाकी माझ्या गळ्यात पडली. तुझ्या वहीत बघून बघून मी सगळं करायला लागलो. पंधरा दिवसांनी निळा मासा मेला. दिवसभर लाईट नव्हती, त्यानंच गेला असेल. मी मात्र घाबरलो. म्हटलं, पोराच्या हातात कडं नव्हतं, त्याच्या माशांजवळ तरी असू दे. काळभैरवाचं नाव घेतलं आणि तुझं कडं टाकीतल्या दगडामागं ठेवून दिलं. तुझा हात रोज त्याच पाण्यात असायचा, हेही मनात होतंच.

आठ दिवसांत गोगलगायी उलट्या पडल्या. मग ती लाल कोळंबी गेली, मग एकामागून एक मासे. काय काय नाही केलं मी! पाणी बदललं, मिठाचं माप दोनदोनदा बघितलं, पंप खोलून धुतला. देवापुढची उदबत्तीसुद्धा बंद करायला लावली. तुझी आई म्हणाली, "माझ्या उदबत्तीनं मरत्यात व्हय वो?" आणि रडत आत गेली.

शेवटी तुझ्या वहीतल्या नंबरावर, सोलापूरच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, "काका, आधी गोगलगायी गेल्या का? टाकीत कुठं तांबं पडलंय काय?" मी ठणकावून सांगितलं, "तांबं कशाला पडतंय? काय न्हाय." खोटं बोललो नाही रे! माझ्या लेखी ते तांबं नव्हतंच, देवाचं कडं होतं. तीन दिवस तसेच गेले आणि त्यात पिवळा गेला.

आज आंघोळ करताना माझ्या स्वतःच्या कड्याखालचा हिरवा डाग साबणानं घासत होतो. घासता घासता हात थांबला. ओल्या अंगानंच टाकीकडं पळालो. तुझं कडं बाहेर काढलं तर हिरवंगार झालेलं, बोटांना रंग लागत होता. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं अन् माशांना विष होतं, तू हेच सांगत होतास ना? देवाचा काही दोष नाही, कडं पाण्यात मी ठेवलं.

दुकानदाराला पुन्हा फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला तशी तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी सोडलीय, निम्मं पाणी बदललंय. पट्टेवाला कोपऱ्यात तळाशी बसून कल्ले हलवतोय. जगेल का, ते दुकानदारालाही सांगता येत नाही. मी स्टूल टाकून समोर बसलोय. जन्मभर ट्रकांची चाकं खोलली महेश, पण बोटाएवढ्या जिवाला काय करावं ते कळत नाही. तुझ्या वेळीही दवाखान्याच्या बाकावर असाच बसलो होतो.

आईला संध्याकाळी सगळं सांगेन. उदबत्तीही मीच लावेन.

आणि तुला शब्द देतो. चाळीस वर्षांत मी माझं कडं कधी उतरवलं नव्हतं. टाकी साफ करतानाही ते हातातच असायचं. आज साबण लावून ओढून काढलं, मनगट सोललं. तुझ्या कड्याशेजारी त्याच खिळ्याला अडकवलंय. मासा जगो न जगो, ते काढल्याशिवाय तुझ्या पाण्यात हात घालणार नाही. आणि कुणी "आप्पा, ऐका तरी" म्हणालं, तर ऐकेन.

तुझा,
आप्पा