सहा पातळ पुस्तकांखाली प्रश्न न छापण्याबाबत

मी, खाली सही करणार, वय चौपन्न, धंदा पूर्वी शाळेत संस्कृत शिकवणे व हल्ली न वाचणाऱ्या मुलांसाठी पातळ पुस्तके लिहिणे, आज स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, म्हणून गुरुवारी डॉक्टर ते उघडून बघणार आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. म्हणजे धाकट्या भावाचे आहे, प्रकाशकांचे आहे, आणि फोनदुरुस्तीच्या दुकानातल्या एका मुलीचे तर फारच आहे. पण कायद्याला अभिप्रेत असलेले दडपण ते हे नव्हे, असे वकीलबाई म्हणाल्या.

घर, भांडी, शब्दकोश यांची वाटणी मी तोंडीसुद्धा सांगितली असती. कागद करण्याचे खरे कारण माझी सहा पुस्तके. त्यांची ‘अभ्यास आवृत्ती’ काढायचा प्रकाशकांचा बेत आहे: प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्न, शब्दार्थ, आणि शेवटी ‘यातून तुम्ही काय शिकलात?’ त्याला होकार द्यायचा की नकार, आणि मी नसलो तर तो कोणी द्यायचा, एवढेच इथे ठरायचे आहे.

याआधीचा एक मसुदा सलूनच्या बाकावरून चोरीला गेला. त्यावर सही नव्हती, म्हणून तो रद्द करण्याची गरज नाही. तरी करतो.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर धाकट्या भावाला द्यावे. तो व्हिलन नाही. (चोरीला गेलेला मसुदा परत आला तेव्हा त्याच्या समासात कोणीतरी हिरव्या पेनाने ‘भाऊ व्हिलन आहे का?’ असे विचारले होते, म्हणून हा खुलासा.) तो दर रविवारी येतो, भिंतीवरच्या ओलीकडे बघतो आणि म्हणतो, “दादा, रंग तरी काढून घे.” मी कसा आहे हे त्याने भिंतीलाच विचारले आहे, पण विचारले आहे. मोरीतला नळ उलटा उघडतो. तो सरळ करायला जाऊ नये, आम्ही दोघे पस्तावलो आहोत.

कलम २. जंगम मालमत्तेपैकी कुकर भावजयीला द्यावा. त्याची शिट्टी वाजत नाही, नुसती वाफ येत राहते. या घरात ती माझ्याशी इतकी वर्षे याच पद्धतीने वागली, तेव्हा दोघांचे जमेल. (समासात: ‘हा भारी.’ जंगम या शब्दापाशी मात्र: ‘झोप आली.’)

कलम ३. संस्कृत कोश, त्याचे तिन्ही खंड, शाळेतले माझे सहकारी व्याकरणवाले सर यांना. सोबत माझ्या सहाही पुस्तकांचा एक संच. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, चहाचा कप खाली न ठेवता ते म्हणाले होते, “तुमच्या पुस्तकांतली ती जिन्यात बसणारी पोरं शुद्ध बोलायला लागली की कळवा, मग वाचीन.” त्यांनी माझे एकही पुस्तक उघडलेले नाही आणि तरी सहाच्या सहा टाकाऊ आहेत हे त्यांना ठाऊक आहे. एवढी दिव्यदृष्टी असलेल्या माणसाला कोश लागणार नाही, पण संच लागेल. मी रागावलेलो नाही. रागावायला दम लागतो, आणि हल्ली जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच तो संपतो.

कलम ४. मालमत्ता कुठून आली हे लिहावे लागते, म्हणून पुस्तकांचे सांगतो. मुख्याध्यापिकांनी एका वर्षी वाचनाचा तास माझ्या गळ्यात मारला. वर्गात कोण, तर जे वाचत नाहीत ते सगळे. मी मोठमोठी पुस्तके वाटली. मुले शांत बसली. एवढी शांतता संशयास्पद वाटून मी बाकांमधून फिरलो, तर आठवीतली एक मुलगी पुस्तक उलटे धरून बसलेली. पान मात्र बरोबर वेळेला उलटत होती.

“हे काय गं?”

“सर, पान उलटायचं टायमिंग जमलं ना, की कोणी काही विचारत नाही.”

मग तिने जांभई दिली. एवढी मोठी, एवढी मनापासून दिलेली जांभई मी कुठल्याही परीक्षकाकडून ऐकलेली नव्हती. वर्गात तिचे नाव तेव्हापासून जांभई पडले आणि तिने ते हरकत न घेता वापरले.

मी तिला विचारले की पुस्तकात काय असले तर तू ते सुलटे धरशील. ती म्हणाली, “पहिल्या पानावर काहीतरी होऊ दे. आणि सर, जाड नको.” त्या संध्याकाळी मी ‘लिफ्ट बंद आहे’चे पहिले पान लिहिले. पहिल्याच वाक्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. आत एक मुलगी, तिचा फोन संपत आलेला, आणि समोर ज्याच्याशी ती बोलत नाही असा मुलगा. शब्दरूपे पाठ करून घेण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माणसाने लिफ्ट अडकवून काय मिळवले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण पुस्तक सुलटे धरले गेले.

कलम ५. यानंतर माझी कामाची पद्धत ठरली, आणि ती ठरण्यात इमारतीखालच्या सलूनवाल्यांचा निम्मा वाटा आहे. त्यांचे सलून तळघरात आहे. तिथे फोनला रेंज येत नाही. बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या पोरांना हातांचे काय करावे तेच कळत नाही. मी टाइप केलेले नवे प्रकरण, सुटी पाने, नाव न घालता त्या बाकावर ठेवतो. पाने बाकावर राहिली, तर प्रकरण नापास. कोणी खिशात घालून पळवली, तर पास.

संध्याकाळी सलूनवाले मला हाक मारून निकाल सांगत.

“मास्तर, दोन पानं गेली. तिसरं राहिलं.”

“तिसऱ्यात काय आहे?”

“पाऊस आहे.”

पाऊस काढला. पुढच्या आठवड्यात तिसरेही गेले. सहा पुस्तके अशी चोरांनी तपासलेली आहेत. जांभई स्वतःच्या धाकट्या भावाला केस कापायला घेऊन येई आणि त्याचा नंबर आला तरी त्याला उठू देत नसे, एवढे पान होऊ दे म्हणून.

गेल्या पंधरवड्यात माझ्या फायलीत दोन कागद होते: सातव्या पुस्तकाचे पहिले प्रकरण, आणि मृत्युपत्राचा मसुदा. तपासण्या, सुया, उपाशीपोटी या आणि पोटभर खाऊन या, या सगळ्यात मी खाली जाऊन बाकावर पाने ठेवली आणि वर येऊन पडून राहिलो. थोड्याच वेळात सलूनवाले स्वतः जिना चढून आले, हातात कात्री तशीच.

“मास्तर, यावेळी सगळंच्या सगळं गेलं! भांडणं लागली दोघांत. तुमचं आजवरचं बेस्ट.”

मी फार समाधानाने फाईल उघडली. प्रकरण जागच्या जागी होते.

कलम ६. त्या मसुद्यात पुस्तकांविषयी एकच ओळ होती: ‘प्रकाशकांना योग्य वाटतील ते बदल करण्याची मुभा राहील.’ ती मी दमून लिहिली. प्रकाशक वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपे गेले असते. पहिले पुस्तक कोणी हातात घेत नव्हते तेव्हा त्यांनी घेतले. आता शाळांनी त्यांना सांगितले आहे की प्रश्न असतील तर पुस्तके लावू. त्यांनी करारावर सही मागितली, मी “बघतो” म्हणालो. भाऊ म्हणाला, “दादा, सही करून मोकळा हो ना. खाली चार प्रश्न छापले तर तुझं काय जातं?” मलाही त्या दिवशी काही जातेसे वाटेना.

मसुदा चोरीला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जांभई दारात उभी. आता ती वीस वर्षांची आहे, फोनदुरुस्तीच्या दुकानात काउंटर सांभाळते. हातात माझा मसुदा, चुरगळलेला, दोन-तीन रंगांच्या पेनांनी भरलेला.

“सर, तुम्ही मरताय?”

“ठरलेलं नाही अजून.”

“पोरांना वाटलं नवीन पुस्तक आहे. पुढचं प्रकरण मागतायत. मी त्यांना सांगितलं, गप बसा, हे खरं आहे.” ती आत येऊन बसली. “हे ‘योग्य वाटतील ते बदल’ म्हणजे काय?”

“प्रश्न घालतील खाली.”

“कसले?”

“दुसऱ्या पुस्तकाखाली: ‘गच्चीला कुलूप कोणी लावले? का? दोन वाक्यांत उत्तर द्या.’”

“दोन वाक्यांत?” ती जवळजवळ ओरडलीच. “मला ते कळायला अख्खं पुस्तक लागलं!”

मी पाणी दिले. ती प्यायली नाही.

“सर, प्रश्न आला की पोरं आधी प्रश्नच वाचतात. मग उत्तर शोधतात. सापडलं की पुस्तक बंद. मीच केलंय हे, सगळ्या विषयांत. तुमच्या पुस्तकात काही शोधायचंच नव्हतं, म्हणून वाचत गेले. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?”

कळत होते. नुसते कळण्याने माणूस उठून उभा राहतोच असे नाही.

कलम ७. सबब, सहाही पुस्तकांचे व सातवे झाल्यास त्याचे सर्व हक्क मी सदर मुलीस देतो. त्यांत प्रश्न, शब्दार्थ, तात्पर्य, गाळलेल्या जागा वा जोड्या लावा यांपैकी काहीही घालू पाहणाऱ्यास नकार देण्याचा पूर्ण अधिकार तिचा. जुन्या दानपत्रांत असे हक्क चंद्रसूर्य असेतो देत. मी मुले वाचतील तोवर देतो. ही मुदत बहुधा कमी आहे, पण माझ्या अंदाजावर जाऊ नये.

हे कलम वकीलबाईंनी आज दुपारी मोठ्याने वाचून दाखवले. टेबलाशी सलूनवाले आणि आमचे नेहमीचे, घरचे डॉक्टर साक्षीदार म्हणून बसले होते. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर सलूनवाले म्हणाले, “म्हणजे सही पण मीच करायची आणि मलाच काही नाही?” डॉक्टर म्हणाले, “मला तरी कुठंय?” जांभई दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आलेली, दाराला टेकून ऐकत होती.

“आणि ऑपरेशन नीट झालं तर?” तिने विचारले.

“तर उत्तमच,” वकीलबाई म्हणाल्या. “मग हा कागद कपाटात. माणूस असेपर्यंत मृत्युपत्र लागू होत नाही.”

“मग तोपर्यंत प्रकाशकांना नाही कोण म्हणणार?”

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

“सर, सही कधीपर्यंत हवीय त्यांना?”

“उद्यापर्यंत.”

“आणि तुमचं अजून ‘बघतो’च.”

“हो.”

“म्हणजे तुम्ही मेल्यावर मी नाही म्हणायचं, आणि जिवंत असताना तुम्ही बघत बसणार. बरंय की तुमचं!”

“अगं, ते जेवत असतील आत्ता,” मी म्हणालो.

“जेवून झाल्यावर तुम्ही झोपला असाल. लावा.”

“स्पीकरवर ठेवा, मास्तर,” सलूनवाले म्हणाले, “साक्षीदार आहोत आम्ही.”

मी फोन लावला. आधी प्रकृतीची चौकशी झाली, मग थोडी हवापाण्याची. जांभईने टेबलावर बोट आपटले.

“प्रश्न नकोत,” मी म्हणालो.

“कोणते नकोत? गाळू आपण काही.”

“एकही नको.”

“अहो, मग शाळा घेणार नाहीत.”

“नाही घेणार.”

“तुम्ही थकलाहात. ऑपरेशन होऊ द्या, बरे व्हा, मग निवांत बोलू.”

“थकलो आहे म्हणूनच आज सांगतोय. बरा झालो तर पुन्हा ‘बघतो’ म्हणेन.”

मग ते म्हणाले, “निदान शब्दार्थ?”

“शब्दार्थही नाहीत.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ‘काळजी घ्या’ न म्हणता फोन ठेवला. मला वाईट वाटले. अजून वाटते आहे. ते या कागदावरही असावे असे वाटले, म्हणून लिहिले.

सलूनवाले म्हणाले, “झालं की!” जांभईची सुट्टी संपली होती. ती खाली गेली.

वकीलबाईंनी विचारले, आता कलम सात तसेच ठेवायचे का? थोडे बदलून ठेवतो. नकार मी स्वतः, जिवंतपणी, चार माणसांसमोर दिला आहे. सदर मुलीला मी नकार देण्याचे काम देत नाही. दिलेला नकार टिकवण्याचे देतो. ते जास्त जड आहे याची मला कल्पना आहे. गुरुवारनंतर मी परत आलो, तर त्यात मलाही तिची मदत लागेल, कारण प्रकाशक पुन्हा फोन करतील, आणि फार गोड बोलतात.

हे सर्व मी वाचून, समजून, दोनदा मध्ये थांबून यावर सही केली.

सही: लिहून देणार

साक्षीदार: सलूनवाले (हात पुसून सही केली)
साक्षीदार: आमचे डॉक्टर (सही त्यांनाच वाचता येते)

स्थळ: स्वयंपाकघर, बाहेरच्या खोलीत उजेड कमी म्हणून
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, दुपार. आकड्यांतली तारीख वकीलबाई शिक्क्यासोबत घालतील.