राखेनं घासलेला डबा

ता. पारनेर
रविवार, १८-७-७१

विहीणबाई राहीबाईंना गोजरबाईचा रामराम.

तुमचा डबा परत धाडलेला न्हाई, धाडणार बी न्हाई. खिळ्यानं भोकं पाडून विहिरीपासून लांब पुरलाय, तुपासकट. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या सुनेबरोबर असलं तूप देतात व्हय?

दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर गावभर झालं असतं. म्हणून मीच खरडते.

आमच्या गावात ग्रामसेविका आली. बायांना म्हणाली, घरातले डबे-बाटल्या ओट्यावर मांडा. फवारणीचं औषध, ढेकणाची पावडर एकीकडं, खाण्याचं दुसरीकडं. मला वाटलं, बया डबे गोळा करून भंगारात घालती. पाळतच ठेवली तिच्यावर. तुमचा डबा मी ऐटीत खाण्याच्या बाजूला ठेवला. लई चकचकीत हुता. तिनं उचलून बूड बघितलं. कडेला कागद खरवडायचा राहिला हुता, त्यावर निम्मी कवटी.

"गोजरबाई, हा उसावरच्या एंड्रिनचा डबा आहे."

"धुतलाय की."

"हे विष धुऊन जात नाही."

मग कागद कशाला खरवडला, राहीबाई? मुक्ताला पहिली मुलगी झाली तवा बनीच्या बारशाला तुमी तोंड वाकडं करून बसला हुतात. मी इसरले न्हाई. आन् इथं आल्यापासून मुक्ताला उलट्या. पोटुशी हाय, व्हायच्याच, म्हणून मी गप बसले हुते.

मुक्ताला इचारलं तर माझ्यावरच खेकसली. "आई, सासूबाईंच्या मनात काय बी न्हाई. आमच्यात औषधाचे डबे सगळेच राखेनं घासून वापरतात. मिठाला तसलाच, तेलाला तसलाच."

बोलली आन् तोंडावर पदर दाबून बसली. बनी तुमच्याकडं हाय ना. चार वर्सांची पोर, तेल-मीठ लावल्याबिगर भाकरीला शिवत न्हाई.

मुक्ताला तालुक्याच्या डॉक्टरनं ठेवून घेतलंय. मुद्दाम केलंत का न कळून, ते मी मागनं बघीन. माझा इश्वास बसलेला न्हाई, एवढं समजा.

पत्र घेऊन माझा धाकटा दीर बन्सी येतोय. पोरीला त्याच्यासंगं लावून द्या. वाटेला खायला काय बांधू नका.

उद्या सोमवारी संध्याकाळच्या यष्टीला मी फाट्यावर उभी हाय. बनी उतरली न्हाई तर का न्हाई, ते बन्सीच्या हाती लिहून पाहिजे. ते बी आलं न्हाई तर मंगळवारी मी तुमच्या दारात. एकएक डबा ओट्यावर मांडीन, गावादेखत.

बनीची दुसरी आजी,
गोजरबाई