विहिरीची कप्पी

शनिवार, नोव्हेंबर १९८६. मरोळ गावठाण.

आधी नाचत आली नात रोझी. माझा लेक पीटर मागून, स्कूटर लावून. पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला टेकला, तेव्हाच ओळखलं की विहिरीचं काढणार.

"आई, नळ आला ना आता? बुजवून टाकू."

"देवाने दिलेलं पाणी बुजवून रविवारी कुठल्या तोंडाने चर्चात मिस्साला जायचं रे?"

रोज एक बादली तरी काढते मी, नाहीतर पाणी कुजतं. आजची रोझीने काढली, घटाघटा प्यायली. "पप्पा, माझ्या लग्नातल्या अंघोळीचं पाणी इथूनच वाजतगाजत न्यायचं. नळाखाली बँड उभा करणार काय?" पीटर स्कूटरची किल्ली चाळत बसला! मी हसून हसून बेजार.

जाताना रोझी म्हणाली, "मामाय, कप्पी किती कुरकुरते गं, तेल घाल." बाटली काढली, पण घातलं नाही. तिला कसं सांगू, दिवसभरात घरात तेवढाच एक आवाज मला उत्तर देतो.

पीटरने बुजवायचं सोडलं; गाळ उपसायला दोघं पुढच्या रविवारी येतो म्हणालीत. रविवारी कष्ट करू नयेत, पण पाणी राखणं देवाचंच काम ना? येतील ना खरंच? कप्पीला तेल रोझीच्याच हातून घालीन, घरात माणसांचा आवाज असताना. त्याच रविवारी, मिस्सा झाल्यावर.