अठराव्या किलोमीटरवर

रविवार, १२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही असाल. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. चष्मा मीच बनवला. आता तिला माझ्या शर्टावरचे डाग दिसायला लागलेत, त्यामुळे घरातली शांतता संपली. दुकान ठीक चाललंय.

आज सकाळची शर्यत तुझ्या लेकीने एव्हाना सांगितलीच असेल. तिची पहिली हाफ मॅरेथॉन, माझी चौथी. दोन तास सव्वीस मिनिटं लागली. मी शेवटपर्यंत तिच्या बरोबरच होतो. पळताना ती अगदी तुझ्यासारखी दिसते, खांदे सैल, नजर समोर. पहिले दहा किलोमीटर मी तिला तुझंच वाक्य ऐकवत होतो, "लाज वाटेल इतकं हळू पळ."

डॉक्टरांनी माझी साखर वाढल्याचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला तू दारात उभी होतीस. साडेसातला तुझी शाळा, तरीही. "ढब्बू, पोट पुढे पळतंय, तू मागे राहिलास," म्हणायचीस. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळताना मला धाप लागायची. त्या मला तू पाच महिन्यांत एकवीस किलोमीटरपर्यंत आणलंस.

हे सगळं तुला माहीत आहे. मी नुसता पानं भरतोय.

आज शर्यत संपल्यावर आम्ही दोघं फुटपाथवर बसून बूट काढत होतो. तिने सहज विचारलं, "मामा, त्या वर्षी आईची हाक तुला खरंच ऐकू आली नव्हती?"

"नाही गं. केवढा गोंगाट होता."

"आईपण तेच म्हणते. ऐकू आलं असतं तर तो थांबलाच असता, म्हणते."

मी खाली बघून नाडीची गाठ सोडवत राहिलो. गाठ नव्हतीच.

ताई, हाक ऐकू आली होती.

अठराव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलापाशी ओल्या पेल्यांवरून तुझा पाय घसरला, तो मी पाहिला नाही. तेवढं खरं आहे. पण "ढब्बू" दोनदा ऐकलं. मला त्या नावाने हाक मारणारं दुसरं आहे कोण? हातातलं घड्याळ एक तास बेचाळीस मिनिटं दाखवत होतं. पेटका आला असेल, येईल मागून, असं मनाशी म्हटलं आणि मान वळवली नाही. वळवली असती तर थांबावं लागलं असतं.

एक तास एकोणसाठ मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. दोन तासांच्या आत. गळ्यात पदक घालून मी फोटोच्या रांगेत उभा होतो, तेव्हा तू मोडलेल्या घोट्यावर लंगडत येत होतीस. का, तर तू दिसली नाहीस म्हणून मी घाबरेन. "त्या चालल्या नसत्या तर हाड इतकं सरकलं नसतं," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्याच खोलीत तुला पाणी ओतून देत होतो. आणि तू भाऊजींना म्हणालीस, "त्याला काही बोलू नका. त्याला कसं कळणार?"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी पेला पुढे केला.

तीन वर्षं झाली. दोन ऑपरेशनं झाली. तू वर्गात खुर्चीवर बसून शिकवतेस आणि फळ्यावर लिहायला मुलींना उठवतेस, हे लेकीकडून कळतं. तू घरी बोलावतेस, मी दुकानाचं निमित्त काढतो. कामाचं काही नाही, ताई. तुझं चालणं मला बघवत नाही.

'माफ कर' असं तीनदा लिहून खोडलं. तू लगेच करशील, आणि मला तेच नको आहे. आधी रागव. हवं तितकं.

शनिवारी दुकान बंद ठेवून येतो. आज लेकीशी जे खोटं बोललो, ते तुझ्यासमोर बसून तिला सांगेन. तू दार उघडायला उठू नकोस. मी ढकलून आत येईन.

तुला रस्त्यात सोडून गेलेला,
तुझा धाकटा भाऊ