आक्काने धरलेला हात

सोमवार, ३ मार्च

 काय दिवस गेला आजचा!

सकाळी फाटकावरचा पहारेकरी ओरडत आला — "डॉक्टर, पळा! काका आक्काच्या पिंजऱ्यात पडलेत!" आक्का म्हणजे आमच्या प्राणिसंग्रहालयातली म्हातारी चिंपांझी. काका तिची देखभाल करतात, मी इथे प्राण्यांची डॉक्टर म्हणून यायच्या कितीतरी आधीपासून.

काका फरशीवर बेशुद्ध. डोक्याला खोक, सगळीकडे रक्त. आणि आक्का त्यांचा उजवा हात दोन्ही हातांनी घट्ट आवळून बसलेली. कोणी दाराशी गेलं की दात विचकायची.

संचालकसाहेब म्हणाले, "गोळी घाला!" पहारेकऱ्याने बंदूक रोखलीसुद्धा. मी मध्ये उभी राहिले. धाडस वगैरे काही नाही — पाय हललेच नाहीत. गुंगीचं औषध मारलं तर ते चढेपर्यंत ती काय करेल, कोणी सांगावं? शेवटी दार उघडून आत गेले. काका बोलतात तशी बोलत राहिले, "आक्के, सोड गं बाई, सोड." तिने माझ्याकडे पाहिलं. हात सोडला — आणि भळाभळा रक्त!

तेव्हा कळलं. ती जखम दाबून बसली होती.

मंगळवार, ४ मार्च

काका शुद्धीवर नाहीत. हॉस्पिटलात बाकावर त्यांची मुलगी होती, शाळेत शिकवते ती. मी म्हटलं, "आक्काने वाचवलं त्यांना." ताडकन उठली. "वाचवलं? हातावर दात उमटलेत, डॉक्टर! आई गेल्यापासून मला हे एवढंच माणूस आहे. मारून टाका त्या जनावराला!"



बुधवार, ५ मार्च

हुकूम आला. शुक्रवारी आक्काला संपवायचं. इंजेक्शन मी द्यायचं.

साहेबांशी भांडले. "दातांचीच जखम कशावरून? दाराचा पत्रा लागला असेल. काकांना शुद्धीवर येऊ द्या."

"शुक्रवारपर्यंत थांबतो. ती चावली नाही असं त्यांनी सांगितलं, तर विषय संपला. नाहीतर इंजेक्शन. तुम्ही नाही दिलंत, तर दुसरा कोणी देईल."

घरी नवरा म्हणाला, "एका माकडापायी नोकरी घालवशील!" म्हटलं, माकड नाही, चिंपांझी. "बरं, चिंपांझीपायी घालव!" हसू आलं. मग रडूच आलं.

गुरुवार, ६ मार्च

आक्का खात नाही. केळं हातात दिलं, तिने ते अलगद खाली ठेवलं. दाराकडे तोंड करून बसते.

हिला मी इंजेक्शन द्यायचं?

शुक्रवार, ७ मार्च

काका जागे झाले! खोलीत मुलगी आणि मी, दोघीच. साहेब बाहेर व्हरांड्यात.

मी वाकून विचारलं, "काका, ती चावली नाही ना?"

"चावली तर." आवाज फुटत नव्हता. "मीच आधी पाइप हाणला तिला. डोकं फिरलं होतं माझं... ती चावली, मी मागे आपटलो. शुद्ध जाता जाता बघतो, तर माझा हात धरून कळवळतेय — चूक तिची असल्यासारखी!" आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मुलगी कितीतरी वेळ बापाच्या हातावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मग पदराने त्यांचे डोळे पुसले आणि बाहेर गेली.

तिचा आवाज आत आला, वर्गात असतो तसा खणखणीत — "बाबा म्हणतायत, ते घसरून पडले, साहेब. तिने काही केलेलं नाही."