ओट्यावरची निळी खुर्ची

आखाजी, संध्याकाळ

सुमन गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमची मनीषा सकाळच्या एसटीने जळगावहून आली आणि गेलेल्या माणसासाठी भरतात ती पाण्याची घागर आईच्या नावाने तिनेच भरली. वर खरबूज ठेवताना तिचे हात थांबले.

ती शाळेत इंग्रजी शिकवते. दर वेळी निघताना फोन करायची, "आई, वेट करू नको, जेवून घे." सुमन तरी ओट्यावर निळी खुर्ची टाकून बसायची. मी हसलो की म्हणायची, "मी कोठे वाट देखस? हवाले बठेल शे." म्हणजे वाट बघत नाही, नुसती हवा खायला बसली आहे.

आज जेवताना मनीषा म्हणाली, "आबा, वेट म्हणजे मुळात पहारा देणं. जागं राहून लक्ष ठेवायचं. नुसतं थांबणं हा अर्थ नंतरचा."

म्हणजे सुमन पहारा देत होती? उन्हात, त्या खुर्चीत, पोरगी सुखरूप दिसेपर्यंत. आज एसटी आली तेव्हा मी आत होतो. ओट्यावर खुर्ची रिकामी. पोरीने आधी तिकडेच पाहिलं असेल.

मनीषा आत भांडी घासते आहे. मी निळ्या खुर्चीत बसून हे लिहितो आहे. मधेच रस्त्याकडे पाहतो. यायचं कोणी राहिलेलं नाही, तरी उठवत नाही.